पाणी किती फुटांवर?

(पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. पावसाची रिपरिप, पाण्याचा आवाज.)

कोल्हापुरात जुलै लागला की भेटेल तो एकच विचारतो, "पाणी किती फुटांवर हाय?" ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. चौथीतल्या पोरालाही हे आकडे पाठ. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, तेही त्याला ठाऊक असतं.

(रिकामा वर्ग. भिंतीवर मळकट रेघ.)

ही रेघ फळ्याच्या वर आहे. ऑगस्ट २०१९. पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली, पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. २०२१च्या जुलैत पुन्हा महापूर. पाणी ओसरल्यावर बाकांवरचा गाळ खरवडायला पोरंही होती. कुजलेल्या वह्यांचा वास लवकर जात नाही.

इतका पाऊस चार दिवसांत का कोसळतो, हे मात्र त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली, की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. एवढं सांगून पंचगंगेला पाणी देणाऱ्या भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांचा नकाशा पुढं ठेवला, तर पोरं बाकीचं स्वतःच जोडतील. पुराचं पाणी त्यांनी घरात बघितलंय.

नववी-दहावीला 'जलसुरक्षा' आहे, पण श्रेणीचा विषय. अशा विषयाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताकडं जातो. शिक्षकांना बोल लावून उपयोग नाही.

पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालीच सांगितलं. इटलीच्या शिक्षणमंत्र्यांनी २०१९ मध्ये हवामानबदलासाठी वर्षाला ३३ तास जाहीर केले. आपल्याला तितकं लांब जायलाही नको. १९१७ साली याच गावातून शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केल्याचा हुकूम काढला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. राज्यकर्त्यानं मनावर घेतलं, म्हणून ते झालं.

(पुरात बोट.)

पुरात सगळ्या पक्षांचे आमदार-खासदार बोटीतून येतात. यावंच त्यांनी. पण मार्चच्या अर्थसंकल्पात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा पैसा मागायलाही त्यांनीच उठायला हवं, पक्ष कुठलाही असो.

शाळा जूनमध्ये भरते, पाणी जुलैत चढतं. त्याआधी हवामानबदलाचा तास वेळापत्रकावर दिसला पाहिजे.