पेटी नागपूरहून निघाली आहे

श्रोते हो, नमस्कार.

२०२५ च्या जुलैत जुरासिक मालिकेतला सातवा सिनेमा आला, त्याच्या थोडं आधीची गोष्ट. रात्री बाराला माझा भाचा उशाशी येऊन उभा राहिला. "मावशी, बुकिंग उघडलं. कुठल्या ओळीतली घेऊ?" मोबाइलवर खुर्च्यांचा नकाशा होता आणि एकेक चौकोन डोळ्यांदेखत भरत चालला होता. पोराचा अंगठा थरथरत होता. तिकिटं मिळाली, आणि मग तो पहाटेपर्यंत झोपला नाही. सिनेमाला अजून चांगले चार दिवस होते. त्याच्या तोंडाकडे बघताना मला १९९४ सालचा मे महिना आठवला आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या वरोऱ्याची टॉकीज आठवली. आज तेच सांगायला आले आहे. पहिल्या दिवसाच्या खेळाची वाट बघणं काय असतं, ते.

'जुरासिक पार्क' अमेरिकेत लागला ११ जून १९९३ ला. आपल्याकडे आला १९९४ मध्ये, आणि आला तो हिंदी बोलत. ही हिंदी बोलण्याची गोष्ट फार मोठी होती. तोवर इंग्रजी सिनेमा म्हणजे मोठ्या शहरातल्या एखाद्या टॉकीजचा, आणि तोही इंग्रजी समजणाऱ्यांचा. हिंदी आली म्हणून डायनासोर तालुक्याच्या गावी पोचला. तो मराठी का बोलला नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. आता हे सिनेमे हिंदीत, तमिळमध्ये, तेलुगूत येतात. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून जास्त लोक होते. आठ कोटी! एवढ्या घरांतल्या आजी-आजोबांनी डायनासोर परक्या भाषेत का बघायचा? असो. हे मी जिथे माइक मिळेल तिथे बोलते.

तर नागपूरला सिनेमा लागला आणि आमच्याकडे यायला काही आठवडे गेले. तेव्हा सिनेमाची प्रिंट, म्हणजे फिल्मची रिळं, पेटीतून गावोगाव फिरत यायची. माझा मामेभाऊ नागपूरला बघून आला होता. त्याला आम्ही रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून सांगायला लावायचो. त्याचा डायनासोर एके दिवशी टॉकीजएवढा असे, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीएवढा. आम्हाला दोन्ही खरं वाटायचं. बसस्टँडच्या भिंतीवर पोस्टर लागलं होतं. काळंभोर, मधोमध लाल वर्तुळ, आणि त्यात हाडांचा सापळा. येता-जाता त्याच्यासमोर पाच मिनिटं उभं राहायचं, हा आमचा नेम. मग एका गुरुवारी भोंगा लावलेली रिक्षा गल्लीतून फिरली. उद्यापासून, रोज तीन खेळ!

मी अकरावीची परीक्षा देऊन मोकळी होते. शुक्रवारी रात्री नऊचा खेळ धरायचा ठरला, कारण मे महिन्यात आमच्याकडे दुपारी माणूस बाहेर पडत नाही. तरी तिकिटासाठी मी चारलाच गेले. आईने ओढणीच्या टोकाला कांदा बांधून दिला होता. लू लागू नये म्हणून.

खिडकीपाशी काय बघते? पुरुषांची रांग रस्त्यापर्यंत, तिच्यात ढकलाढकली, एकाचा शर्ट फाटलेला. आणि बायकांच्या खिडकीला मोजून अकरा जणी. आता एका माणसाला चार तिकिटं. गल्लीतल्या पोरांच्या हे ध्यानात यायला वेळ लागला नाही. "ताई, आमची दोन." "ताई, माझं एक." घामाने ओल्या, चुरगळलेल्या नोटा माझ्या मुठीत. मी तीनदा रांगेला लागले. तीनदा! जन्मात कधी कुणी मला एवढी इज्जत दिली नव्हती. सहाच्या आत हाऊसफुल्लची पाटी लागली.

पाटी लागली, पण पेटी आली नव्हती. श्रोते हो, हे नीट ऐका. तिकिटं संपली होती, दुपारचे दोन खेळ रद्द झाले होते, आणि सिनेमा गावात आलेलाच नव्हता. प्रिंटची पेटी सकाळच्या एसटीने यायची होती, ती आली नाही. मॅनेजर पायरीवर उभे राहून सांगायचे, "पेटी नागपूरहून निघाली आहे." साडेआठला हेच सांगितलं, नऊला हेच, साडेनऊला हेच. पेटी नागपूरहून निघाली आहे. नागपूर तिथून शंभरेक किलोमीटर. लोकांनी पैसे परत मागायला हवे होते ना? एकाही माणसाने मागितले नाहीत. घरी गेलं आणि तेवढ्यात पेटी आली तर?

शेवटी पोरंच बसस्टँडवर जाऊन बसली. सव्वादहाला एसटी आली. टपावर टमाट्यांचे कॅरेट, एक सायकल, आणि त्यांच्यामध्ये दोरीने बांधलेली पत्र्याची पेटी. चेपलेली, कडीला कुलूप, अंगावर आधीच्या गावांच्या चिठ्ठ्या एकीवर एक चिकटवलेल्या. कंडक्टर म्हणाला, "हळू उतरवा रे." एसटीच्या कंडक्टरांनी या राज्यात काय काय पोचवलं आहे, औषधं, डबे, लग्नाच्या साड्या, पेपरचे गठ्ठे, त्यावर मी एक अख्खं भाषण करीन. पोरांनी पेटी खांद्यावर घेतली आणि टॉकीजपर्यंत नाचत आणली. दोन तास सात मिनिटांचा सिनेमा म्हणजे जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब फिल्म. ती साडेतीन किलोमीटर वाट आमच्या गल्लीतल्या पोरांच्या खांद्यावर होती.

आणि तरीही खेळ सुरू झाला नाही. आधीच्या गावाने रिळं उलटी फिरवून दिलीच नव्हती. शेवट वर, सुरुवात आत. ऑपरेटरकाकांनी खिडकीतून डोकं काढलं, "हातानं फिरवावी लागतील. थांबा." आतले कूलर नुसती गरम हवा फेकत होते, म्हणून सगळे पुन्हा आवारात, कडुनिंबाखाली. तो कडुनिंब पुढे पार्किंगसाठी तोडला. गाड्या सावलीत लावायच्या म्हणून सावलीचं झाड तोडतात, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगावं.

त्या झाडाखाली एक म्हातारे बसले होते. धोतर, सदरा, डोक्याला पांढरा शेला. सोबत दोन नातवंडं. बंडी जुंपून आले होते, बैल बाहेर बांधलेले. आमची पोरं पोस्टरवरच्या सापळ्याबद्दल भांडत होती, तर ते शांतपणे म्हणाले, "हे हाडकं आमच्या वावरात निंघतेत."

"काय फेकता गा आबाजी!" एक जण म्हणाला.

"फेकत नाही बापू. गोटे झालेले हाडकं. माह्या बाच्या टायमाले धुऱ्यावर एक होतं, मांडीएवढं. आमी त्याच्यावर इळे घासत होतो."

पोरं हसली. आबाजी रागावले नाहीत. त्यांनी कमरेच्या गाठीतून एक दगड काढला आणि माझ्या हातावर ठेवला. वांग्याएवढा. करडा, एका टोकाला निमुळता, वर सुतळी गुंडाळावी तसे वळसे. त्यांच्या अंगाच्या उबेने गरम झालेला. "नातू म्हणे, आबा, शिनेमात तसाच जनावर हाय. म्हणून आणला, मिळवून पाहाले."

तो दगड चाळीस-पन्नास हातांतून फिरला. कुणी वास घेतला, कुणी कानाला लावला. वर ऑपरेटरकाका रिळं फिरवत होते, त्याची घरघर खाली येत होती. मघाशी हसणारा तो पोरगा दगड परत देताना दोन्ही हातांनी देत होता.

आबाजी पिसदुऱ्याकडचे होते. पिसदुरा आणि डोंगरगाव, ही चंद्रपूर जिल्ह्यातली, वरोऱ्याच्या बाजूची गावं. हे मला पुढे कळलं. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे त्या हिस्लॉप साहेबांनी एकोणिसाव्या शतकातच पिसदुऱ्याहून ही हाडं गोळा केली होती. डोंगरगावला १९८० च्या दशकात लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या डायनासोरचा सांगाडा सापडला. त्याला आज आयसिसॉरस म्हणतात, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. आणि आबाजींचा तो दगड? पिसदुऱ्याला तसे पुष्कळ मिळतात. ते शेण आहे. प्राण्याचं शेण, दगड झालेलं. हसू नका, कारण त्याच शेणात शास्त्रज्ञांना गवताचे अंश मिळाले आणि २००५ मध्ये ते जगापुढे आले. डायनासोरच्या काळात गवत होतं, याचा तो पुरावा. आमच्या तालुक्यातल्या शेणाने तो दिला! ही सगळी जनावरं साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे पडद्यावरचा तो मांस खाणारा टी-रेक्स अमेरिकेत फिरत होता, साधारण त्याच सुमाराला आमच्याकडे ही चरत होती. एक विनंती: तिकडे गेलात तर दगड उचलून आणू नका. आबाजींचं वावर होतं, त्यांची गोष्ट वेगळी.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दिवे गेले.

मी बाल्कनीत, आबाजी खाली, पहिल्या रांगेच्या जवळ. सुरुवातीला आपल्याला काहीच दिसत नाही, फक्त पाला हलतो आणि माणसं घाबरतात. मग वीसेक मिनिटांनी ती माणसं गाडीतून उतरतात, वर बघतात, आणि तो येतो. लांब मानेचा, झाडाचा शेंडा खाणारा. उभ्या टॉकीजमध्ये आवाज नाही. शिट्टी नाही. पंख्यांची घरघर तेवढी. आणि पडद्याच्या उजेडात मला दिसलं, आबाजी उभे राहिले होते. मागच्या कुणीही "बसा" म्हटलं नाही. त्यांनी धाकट्या नातीला उचलून खांद्यावर घेतलं आणि सगळ्या टॉकीजला ऐकू जाईल असं बोलले, "पाय माय. हाच तो. आपल्या वावरातला."

आमच्याकडे 'पाय' म्हणजे 'बघ'. श्रोते हो, त्यानंतर मी पुष्कळ सिनेमे पाहिले. ते वाक्य मी अजून रोज ऐकते. पाय माय, हाच तो, आपल्या वावरातला.

सिनेमा कसा केला त्याची माहिती तुम्हाला सगळीकडे मिळेल, मी थोडक्यात सांगते. एवढ्या सिनेमात डायनासोर प्रत्यक्ष दिसतात ती मिनिटं जेमतेम पंधरा. त्यातली सहाएक मिनिटं संगणकाची, बाकी यंत्रावर हलणारे मोठे पुतळे. टी-रेक्सचा पुतळा पावसाच्या दृश्यात पाणी पिऊन जड व्हायचा, थरथरायचा, आणि लोक त्याला टॉवेलने पुसायचे. त्याच्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचा आवाज मिसळला आहे. तो पुरता दिसतो जवळजवळ तासाभराने. म्हणजे पंधरा मिनिटांच्या जनावरासाठी दिग्दर्शक स्टीवन स्पीलबर्ग आपल्याला तासच्या तास थांबवून ठेवतो, आणि आपण थांबतो.

ते पाण्याच्या पेल्याचं दृश्य आठवा. गाडीत पाणी ठेवलं आहे, आणि दुरून पाऊल पडतं तसं त्यावर एक वर्तुळ उठतं. जनावर कुठेच नाही. ते वर्तुळ कसं उठवलं? खालून गिटारची तार बांधली आणि ती छेडली. शहरात त्या वेळी सिनेमाचा आवाज सीडीवरून नव्या डिजिटल पद्धतीने वाजत होता, हा त्या पद्धतीचा पहिलाच सिनेमा. आमच्याकडे पडद्यामागे एक जुना भोंगा. तरी ते वर्तुळ उठलं तेव्हा माझ्या शेजारच्या काकूंनी माझा हात असा धरला की बांगडी रुतली. दिवसभर आम्ही पेटीच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो. त्या पेल्याकडे कसं बघायचं, हे आम्हाला वेगळं शिकावं लागलं नाही.

भाच्याच्या मोबाइलवर चार मिनिटांत तिकिटं आली. चांगलं झालं, मला त्यात वाईट वाटत नाही. फक्त सिनेमा सुरू झाल्यावर तो मोबाइल खिशात ठेवत जा रे बाळांनो. अंधारात एक जरी पडदा पेटला तरी मागच्या दहा जणांचा डायनासोर मरतो.

त्या रात्री खेळ सुटला तेव्हा दीड वाजून गेला होता. आवारात आबाजी बंडी जुंपत होते. नातवंडं तणसावर झोपलेली. ऑपरेटरकाका जिन्यावरून खाली आले, तर आबाजींनी त्यांना थांबवलं. "उद्या कितीले हाय? म्हातारीले आणतो."

शनिवारी मी पुन्हा बायकांच्या खिडकीला होते. माझ्या पुढे एक म्हाताऱ्या बाई, नऊवारी, हातात कांदा. मागे वळून मला म्हणाल्या, "पोरी, तो लंब्या मानेचा सुरवातीलेच येते का मधात? मले डुलकी लागते."

"सुरुवातीलाच येतो, आजी," मी म्हटलं. "आणि आज पेटी आलेली आहे."

नमस्कार.