अंगावर काढलेलं दुखणं

शेवट सांगितल्याशिवाय या गेमबद्दल बोलताच येत नाही. ज्यांना तो अजून खेळायचाय, त्यांनी इथेच थांबावं.

नॉटी डॉग या स्टुडिओचा 'द लास्ट ऑफ अस' २०१३ साली प्लेस्टेशन ३ वर आला. माणसाच्या मेंदूचा ताबा घेणारी बुरशी, ओस पडलेली अमेरिका आणि तिच्यातून वाट काढणारी दोन माणसं. पन्नाशीला आलेला जोएल आणि चौदा वर्षांची एली. एलीला बुरशी लागलेल्या माणसाचा चावा बसलाय, पण बुरशी तिचं काही वाकडं करू शकलेली नाही. तिला फायरफ्लाय या बंडखोर गटाकडे पोचवायचं आणि बदल्यात शस्त्रं घ्यायची, असा सौदा.

(दृश्य: टेक्सास. साथ पसरली ती रात्र.)

जोएलचा वाढदिवस. मुलगी सारा त्याला घड्याळ देते. काही तासांत सगळं उद्ध्वस्त होतं. पाय दुखावलेल्या साराला उचलून जोएल पळत असतो. वाटेत एक सैनिक वरून आलेल्या हुकुमाप्रमाणे गोळ्या झाडतो आणि सारा बापाच्या मिठीतच जीव सोडते.

गोष्ट थेट २० वर्षं पुढे जाते. आता दिसतो तो बोस्टनमध्ये तस्करी करणारा, तोडून बोलणारा माणूस. मनगटावर तेच घड्याळ, फुटलेलं, बंद पडलेलं. साराचं नाव तो काढत नाही, दुसऱ्याने काढलेलं खपवून घेत नाही. भाऊ टॉमी तिचा फोटो पुढे करतो, तोही घेत नाही. एलीत आपला जीव अडकतोय हे लक्षात येताच तो तिला टॉमीच्या हवाली करायला निघतो. ती जाब विचारते, तर तू माझी मुलगी नाहीस, असं तिच्या तोंडावर सांगतो. ज्याला काहीच वाटत नाही तो असं बोलत नाही. हा माणूस प्रचंड घाबरलाय.

(दृश्य: सॉल्ट लेक सिटी. इस्पितळ.)

फायरफ्लायला बुरशीवर लस बनवायची तर एलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया हवी, आणि त्यात ती वाचणार नाही. तिला कुणी विचारलेलं नाही. जोएल वाटेत येईल त्याला मारत तिच्यापर्यंत पोचतो. समोर सर्जन उभा. तुम्ही कितीही वेळ थांबा, तो हटत नाही. त्याला मारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही. आपल्याला निवड का दिली नाही, असा राग या प्रसंगावर निघतो. मला मात्र ही गेममधली सगळ्यात प्रामाणिक जागा वाटते. जोएलला तरी दुसरा पर्याय कुठे दिसत होता?

मग तो एलीला उचलतो आणि पळत सुटतो. साराला घेऊन पळतानाही कंट्रोलर आपल्याच हातात होता. तेव्हाही बंदूक चालवता येत नव्हती, फक्त पळता येत होतं. बोटांना ते आठवतं. या वेळी मुलगी वाचते.

आणि तो तिच्याशी खोटं बोलतो. तुझ्यासारखे आणखी बरेच होते, उपयोग झाला नाही, त्यांनी नाद सोडला. ती शपथ घालते, तो शपथ घेतो. हे प्रेमापोटी केलं, यात शंका नाही. पण साराचं दुःख दुसऱ्यांदा सोसायची त्याची तयारी नव्हती, आणि त्याची किंमत त्याने एलीला न विचारता तिच्या माथी मारली.

(दृश्य: दुसरा भाग, २०२०.)

त्या सर्जनला एक मुलगी होती, ॲबी. ती जोएलला शोधून काढते आणि एलीच्या डोळ्यांदेखत मारते. तरी ॲबीला झोपेत पडणारं स्वप्न सुटत नाही. इस्पितळाचा तोच कॉरिडॉर, तेच दार, आत बाप मरून पडलेला. शत्रूच्या गटातून पळालेल्या यारा आणि लेव या भावंडांसाठी ती जीव धोक्यात घालते, तेव्हा कुठे त्या दाराआड वडील हसताना दिसतात.

एली शेतावर प्रेयसी डीना आणि तान्ह्या बाळासोबत राहत असते. मेंढ्यांना गोठ्यात घालताना कसलासा आवाज होतो आणि क्षणात ती जोएल मेला त्या खोलीत असते. श्वास कोंडतो, ती खाली कोसळते. पुढे टॉमी ॲबीचा ठावठिकाणा घेऊन येतो. डीना विनवते, जाऊ नकोस. झोप लागत नाही, जेवण जात नाही, एवढंच सांगून एली निघते.

इथे कुणी एलीवर चिडलं तर मी समजू शकतो. मला तिचा राग येत नाही. ॲबीच्या जिवापेक्षा तिला रात्रीची झोप हवी आहे. ती मिळवायचा दुसरा कुठला मार्ग असतो, हे जोएलला स्वतःलाच माहीत नव्हतं, तो तिला काय शिकवणार होता?