वर्गशिक्षकांच्या हातातली यादी

श्रोतेहो, नमस्कार.

१९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायर परगण्यात ६७ शाळांतली वीस हजार मुलं एका प्रयोगात सामील झाली. दहा हजार मुलांना रोज पाऊण पाइंट, म्हणजे साधारण सव्वाचारशे मिलिलिटर दूध मिळायचं, बाकीच्यांना नाही. फेब्रुवारीत आणि जूनमध्ये वजन-उंची मोजून दुधाचा गुण पाहायचा होता.

दूध कुणाला, हे चिठ्ठ्या टाकून किंवा अक्षरक्रमानं ठरलं. पण एक मुभा ठेवली होती. एखाद्या गटात सुदृढ किंवा अशक्त मुलं फारच आली, तर अदलाबदल करायला हरकत नाही.

तो वर्ग डोळ्यांपुढे आणा. समोर किडकिडीत पोर बसलंय, त्याचं नाव दुधाच्या यादीत नाही. शेजारच्या गुटगुटीत मुलाचं आहे. तुमच्या हातात पेन्सिल. मी तर नाव बदललं असतं.

'स्टुडंट' या टोपणनावानं लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी १९३१ मध्ये आकडे तपासले. दूध न मिळणारी मुलं सुरुवातीलाच वजनात सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीत चार महिन्यांच्या वाढीनं पुढे होती. चिठ्ठ्या टाकून हजारो मुलांत एवढं अंतर पडत नाही. ते शिक्षकांच्या मायेनं पडलं.

शिवाय वजन केलं कपड्यांसकट! खात्यापित्या घरच्या मुलांचे थंडीतले जाड कपडे जूनपर्यंत उतरले, तेवढी त्यांची वाढ काट्यावर कमी दिसली. गरिबाच्या पोराकडे थंडीचे वेगळे कपडे कुठले? म्हणजे कपड्यांचं वजन दुधाच्या खात्यावर जमा झालं.

माया जशी आकडे बिघडवते, तशी समोरच्याची भीडही बिघडवते. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या घरी देऊन मग आईला विचारलं, "बाळाला जुलाब झाले का?" तर ती म्हणणार, "नाही हो ताई, आता बरंय." म्हणून ओडिशातल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन हजारांवर घरांपैकी निम्म्यांना हुबेहूब तशाच, पण क्लोरीन नसलेल्या गोळ्या दिल्या. दोन्हीकडे जुलाबांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. बऱ्याच घरांत गोळ्या नियमित वापरल्याही जात नव्हत्या, हेही खरं.

लॅनार्कशायरच्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. भुकेलं मूल रोज ज्याच्या नजरेसमोर असतं, त्याच्या हाती यादी द्यायलाच नको होती. गॉसेट यांनी सुचवलं होतं, वीस हजार मुलं कशाला? एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या, आणि दोघांपैकी दूध कुणाला, ते नाणं उडवून ठरवा.