दाराबाहेरचं पाखरू

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आजोळी परसात एक जुना उंबर होता. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी राहायची. दिवेलागणीला दोघं बाहेर येऊन फांदीवर बसायची आणि नवराबायकोसारखी कचाकचा भांडायची. आम्हा मुलांना मोठी गंमत वाटे. आजी मात्र ते भांडण ऐकलं की हातातलं काम टाकून परसात धावायची आणि दोरीवरची दुपटी, लंगोट, झबली गोळा करून आत आणायची. तेव्हा धाकटी मावशी बाळंतपणाला आलेली होती. तान्ह्या मुलाचा कपडा रात्री बाहेर राहता कामा नये, कारण रात्रीचं पाखरू तो उचलतं, पाणवठ्यावर नेऊन पिळतं, आणि कपडा पिळला जातो तसतसं इकडे मूल वाळत जातं. आजी हे अगदी थंडपणे सांगायची, भाजीत मीठ किती घालावं ते सांगावं तसं.

घुबडाला दगड मारू नये, हेही तिनंच सांगितलेलं. मारलेला दगड ते चोचीत धरून पाण्यात नेऊन टाकतं. दगड पाण्यात झिजू लागला की मारणाराही झिजू लागतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हे ऐकलं असेल. आम्ही त्यामुळे कधी दगड मारला नाही, एवढा फायदा पिंगळ्यांना झाला.

मला पुष्कळ वर्षं वाटायचं, या आजीच्या घरगुती गोष्टी. मग एकदा सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातली, त्याच्या उत्तरतंत्र या शेवटच्या भागातली बालग्रहांची प्रकरणं वाचली आणि उंबरावरचा पिंगळा थेट समोर येऊन बसला. लहान मुलांना धरणारे नऊ ग्रह (आकाशातले नव्हेत, झपाटणाऱ्या शक्ती) तिथे सांगितले आहेत: स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका, नैगमेष. यातल्या शकुनीचं नावच पाखराचं. तिनं धरलेल्या मुलाचं अंग गळून जातं, ते दचकतं, अंगावर आग होणारे फोड येतात, आणि त्याच्या अंगाला पक्ष्यासारखा वास येतो, असं वर्णन आहे. उपाय काय, तर वेत, आंबा आणि कवठ यांच्या काढ्यानं अंग शेकायचं, आणि शिवाय शकुनीची प्रार्थना करायची. प्रार्थनेत ती अंतरिक्षात फिरणारी आहे, तीक्ष्ण चोचीची आहे, पिंगट डोळ्यांची, भयंकर आवाजाची, टोकदार कानांची आहे. आता सांगा, पिंगट डोळे, टोकदार कान आणि रात्री काळजात धस्स करणारा आवाज असलेलं पाखरू कोणतं? शिंगं असल्यासारखं दिसणारं मोठं घुबड ज्यानं एकदा पाहिलंय, त्याला दुसरं नाव सुचणारच नाही. आणि शेवटी तिला म्हणायचं काय, तर "देवी, प्रसन्न हो." शिवी नाही, शाप नाही.

पूतनाही मुळात अशीच. आपल्या कीर्तनांतून आली ती नटूनथटून गोकुळात शिरणारी बाई. हरिवंश या जुन्या ग्रंथात मात्र ती मध्यरात्री पक्षिणीचं रूप घेऊन येते. दूध पाजायला आलेलं पाखरू! विचार करत बसलं तर हे चित्र त्या सुंदर बाईपेक्षा जास्त अंगावर येतं.

रोमन लोकांचीही अशीच एक पाखरं होती, रात्री पाळण्यातल्या मुलांचं रक्त पिणारी. त्यांचं नाव स्ट्रिक्स. पुढे पक्षिशास्त्रानं तेच नाव घुबडांच्या एका प्रजातीगटाला दिलं, आणि आपल्या रानांतलं वनघुबड आज त्याच नावानं नोंदलेलं आहे.

बिचाऱ्या घुबडावरच का आलं हे? मला वाटतं, याचं उत्तर बाळंतिणीच्या खोलीत आहे. पाचवीची किंवा सहावीची रात्र. पाटावरवंटा मांडलेला, उशाशी कोयता, सटवाईनं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि लेखणी. घरातल्या बायका जाग्या आणि दिवा रात्रभर तेवता. गावात एरवी सगळा अंधार, उजेड काय तो या एका घरात. उजेडाला किडे येणार, किड्यांना पिंगळा येणार. म्हणजे ज्या रात्री कान टवकारून बसायचं, नेमक्या त्याच रात्री तो खिडकीशी ओरडणार.

आणि भीती खोटी नव्हती. नाळ विळ्यानं कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, आणि मग पाचव्या-सातव्या दिवशी चांगलं दूध ओढणारं मूल अचानक ओढेनासं व्हायचं. जबडा बसायचा, अंग धनुष्यासारखं ताणलं जायचं. धनुर्वात. लसी आल्या, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आणि 2015 साली नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनाची पातळी भारतानं गाठली. तोवर किती घरांनी त्याचा दोष खिडकीशी ओरडलेल्या पाखरावर टाकला असेल!

आता एक गोष्ट आठवून बघा. आपण सगळ्यांनी भात खाता खाता ऐकलेली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. काऊ दार वाजवतो. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आणि आतून उत्तर: "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." मग अंग पुसते, मग काजळ घालते, मग तीट लावते. आम्ही पोरं आजीबरोबर हेल काढून हे म्हणायचो. मोठेपणी लक्षात आलं, की आत एक बाळंतीण आहे, बाहेर एक काळं पाखरू आहे, आणि तीट लावून झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. ही तर तीच रात्र!

काऊ आत येतो तेव्हा चिऊ त्याला ऊब घ्यायला तव्यावर बसवते. आमच्या आजीच्या गोष्टीत तवा तापलेला असायचा. काऊच्या बुडाला चटका बसायचा आणि तो ओरडत पावसात पळायचा. आम्ही खदाखदा हसायचो. हल्लीच्या चित्रांच्या पुस्तकांत चिऊ त्याला टॉवेल देते, गरम दूध देते. चांगलंच आहे म्हणा. पण माझ्या भाचीला मी दोन्ही शेवट सांगितले, तेव्हा तिनं तव्याचाच पुन्हा मागितला. दोनदा.

ती मावशी आता सत्तरीला आली. शहरात पाचव्या मजल्यावर राहते. गेल्या वर्षी तिला नात झाली म्हणून भेटायला गेले होते. सहा वाजले तशी ती उठली आणि गॅलरीतली दुपटी काढू लागली. मी म्हटलं, "मावशी, इथे कुठलं आलंय गं घुबड?"

"घुबड कसलं," ती दुपट्याची घडी घालत म्हणाली, "दव पडतं." आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.

नमस्कार.