पातं दर्यापारचं, मूठ आपली

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[देवघराची खुंटी. लाल कापडात गुंडाळलेली लांब वस्तू.]

खुंटीवरून ती खाली येण्याआधीच आजोबांचा आवाज आला, "आदी हात धुवन येवा."

कॅमेरा पडवीत ठेवला. घंगाळातलं पाणी हातावर घेतलं, पंच्याला हात कोरडे केले. मग सारवलेल्या जमिनीवर चटई आली आणि लाल कापडाची एकेक घडी सुटत गेली. मालवण तालुक्यातली ही वाडी. मागे माडाची बाग, बागेपलीकडे समुद्राची गाज. तलवार या घरात किती पिढ्या आहे हे आजोबा बोटांवर मोजतात आणि पाचव्या बोटाला थांबतात.

[उघडं पातं. त्यावरून सरकणारा सकाळचा उजेड.]

ही फिरंग.

फिरंगी म्हणजे परका. आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः पोर्तुगीज. मराठी माणसाने तलवारीलाही तेच नाव दिलं, कारण तिचं पातं समुद्रावरून आलं. जर्मनीतलं झोलिंगेन, स्पेनमधलं तोलेदो, इटलीच्या उत्तरेकडची गावं, तिथल्या लोहारांनी घडवलेली पाती जहाजांच्या पोटातून आपल्या बंदरांना लागत. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. चौल-रेवदंड्याला त्यांची तटबंदी आजही उभी आहे. माल उतरायचा त्यात पातीही उतरायची, आणि ती उतरायची नुसती, मुठीविना. मूठ इथे बसायची.

तलवारींचे शौकीन एकमेकांना भेटले की हमखास एक प्रश्न निघतो, तुझी आवडती कुठली? माझं उत्तर वर्षानुवर्षं एकच आहे. फिरंग. देशावरच्या लढायांच्या गोष्टींत आपण तलवार ऐकतो, ती उपसणारा हात ऐकतो. ती कुठल्या बंदरात उतरली, हे कुणी विचारत नाही. फिरंगेच्या गोष्टीत कोकणची बंदरं आपसूक येतात. म्हणून हा कॅमेरा इथे आला.

[मूठ. अगदी जवळून.]

आता मूठ बघा. बोटांवरून वळत गेलेली ही पट्टी, हिला परज म्हणतात. समोरून आलेला घाव बोटांवर न पडता तिच्यावर पडतो. पात्याच्या मुळाशी ही रुंद लोखंडी पाकळी आणि तिच्या आतल्या अंगाला कापूस भरलेली गादी. या मुठीत मखमलीचा एक किरमिजी तुकडा अजून चिकटून आहे, करंगळीच्या नखाएवढा. मुठीच्या डोक्यावर वाटीसारखी चकती, आणि चकतीतून वर निघालेला हा काटा.

काटा शोभेचा नाही. फिरंगेचं पातं लांब असतं, बऱ्याचदा ८५ ते ९५ सेंटिमीटर. एका हाताने फिरवताना जोर कमी पडला की दुसरा हात या काट्यावर येतो आणि एकहाती तलवार दुहाती होते. आजोबांनी तसं धरून दाखवलं. वय ऐंशीच्या पुढे, पण डावा हात काट्यावर गेला तो न बघता गेला.

[पात्याचा मधला भाग. लांबीभर गेलेल्या खाचा.]

पात्याच्या लांबीत या ज्या खोलगट रेघा आहेत त्यांना आपण पन्हळी म्हणू. कोकणात पन्हळ कुणाला समजावून सांगायला नको, कौलांवरचं पाणी वाहून नेते ती. म्हणूनच बहुतेक गैरसमज झाला असावा. कुणालाही विचारा, उत्तर मिळतं की रक्त वाहून जायला खाच ठेवलीय. खरं कारण लोहारकीतलं आहे. पन्हळ घातली की पातं हलकं होतं आणि तरी ताठ राहतं. पत्रा सपाट असला तर लवतो, त्याला नळी पाडली की लवत नाही, हे पत्र्याची शेड घालणाऱ्यालाही ठाऊक असतं. आणि तलवारी पाच-दहा किलोंच्या असत हेही मनातून काढून टाका. हातातली लढाऊ तलवार साधारण एक किलोच्या आसपास भरते, फिरंग त्याहून थोडी जड. जड तलवार पहिल्या घावाला भारी वाटेल, विसाव्या घावाला हात उचलणार नाही.

[भिंगाखाली एक खूण.]

आणि हा या घरातला खजिना. पात्याच्या मुळाजवळ, मुठीपासून चार बोटांवर, दोन छोट्या चंद्रकोरी. एकमेकींकडे तोंड केलेल्या, काठाला दातेरी, मिटलेल्या डोळ्याच्या पापण्यांसारख्या. ही खूण इटलीतल्या जेनोवाच्या बाजूच्या पात्यांशी जोडली जाते. जर्मनीतल्या पासाऊच्या पात्यांवर धावता लांडगा असायचा, पुढे झोलिंगेनच्या लोहारांनीही तो उचलला. युरोपातल्या पात्याला मान होता, त्यामुळे या खुणांच्या नकलाही झाल्या, तिकडे झाल्या आणि इकडच्या लोहारांनीही केल्या. नुसत्या खुणेवरून पातं कुठलं ते ठरत नाही. पोलाद, पन्हळींची घडण, पात्याची जाडी, सगळं मिळून पाहावं लागतं.

[लोहाराची साळ. भाता. तापलेलं लोखंड.]

मूठ बसते कशी? त्यासाठी आम्ही शेजारच्या गावातल्या लोहाराच्या साळेत गेलो. हे घराणं आज कोयते करतं. इथल्या पुरुषांच्या कमरेला मागे जी आकडी असते, तिच्यात अडकवलेला तो कोयता. त्यांनी आमच्यासाठी एक जुनी, सुटलेली मूठ पुन्हा बसवली आणि आम्ही पूर्ण वेळ चित्रण करत राहिलो.

पात्याच्या मागच्या टोकाला एक निमुळतं शेपूट असतं. ते मुठीच्या पोकळ नळीत जातं. नळीत आधी लाखेची पूड ठासतात. मग शेपूट तापवायचं, लाल होईपर्यंत नाही, लाख वितळेल इतकंच. आणि ते एका दमात आत दाबायचं. लाख उकळते, धूर येतो, करपल्या गुळासारखा वास सुटतो. दहा-पंधरा श्वास हात हलवायचा नाही. सरळ आलंय का हे एक डोळा मिटून पाहायचं, कारण लाख एकदा धरली की संपलं. थंड झाली की मूठ दगडासारखी घट्ट.

फिरंगेला एवढ्यावर भागत नाही. लांब पात्याचा हिसका मुळावर येतो. म्हणून मुठीतून पात्यावर दोन्ही अंगांनी नक्षीदार लोखंडी पट्ट्या उतरवतात आणि त्या रिबिटांनी आरपार जखडतात. आजोबांच्या तलवारीवर त्या पट्ट्यांना पानांचा आकार आहे. समोरून पाहिलं तर पातं त्या पानांतून उगवल्यासारखं दिसतं. परक्या पात्यावर आपल्या लोहाराने केलेली ही कारागिरी मला फार मोठी वाटते. आलेलं पातं त्याने नुसतं बसवलं नाही. त्याची लांबी पाहिली, त्याचा हिसका ओळखला, मूठ बदलली, काटा दिला, पट्ट्या दिल्या, आणि मग तलवार मराठ्याच्या हातात दिली.

[सोन्याची तार. बारीक हातोडी.]

श्रीमंतांच्या फिरंगेवर आणखी एक हात चालायचा, कोफ्तगरीचा. लोखंडाच्या पृष्ठभागावर धारदार हत्याराने उभ्या-आडव्या इतक्या बारीक रेघा मारायच्या की बोटाला खरखर लागावी, डोळ्याला दिसू नये. त्यावर सोन्याची केसाएवढी तार नक्षीप्रमाणे ठेवायची आणि ठोकत जायचं. खरखरीत लोखंड सोन्याला धरून ठेवतं. मग गुळगुळीत दगडाने घोटलं की तारेची रेघ होते.

असं सोन्याचं काम असलेली एक फिरंग २०२५ साली महाराष्ट्रात परत आली. नागपूरकर भोसल्यांची, पहिल्या रघूजींची. लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. पातं युरोपीय. आणि त्या पात्यावर सोन्याने देवनागरीत कोरलंय, "श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग". शेवटचा शब्द पुन्हा वाचा. तिच्या मालकाने तिचं परकेपण लपवलं नाही, सोन्यात लिहिलं.

[तारकर्लीची वाळू. दांडपट्टा फिरवणारी मुलगी.]

फिरंगेनंतर माझ्या मनात जागा आहे ती दांडपट्ट्याची, आणि हे चित्र पाहिल्यावर कारण सांगावं लागू नये. कोपरापर्यंत चढणारा लोखंडी दस्ताना, म्हणजे हातमोजा, त्याच्या आत आडवी मूठ, कट्यारीसारखी. पातं लांब, सरळ, दोन्ही बाजूंनी धारेचं आणि लवचीक. मनगट दस्तान्यात बांधलं जातं. त्यामुळे तलवारीसारखा मनगटाचा झटका इथे नाहीच. सगळा घाव खांद्यातून आणि कमरेतून निघतो. म्हणून पट्टेवाला सतत फिरत असतो. थांबला तर पट्टा निरुपयोगी. चारी बाजूंनी गर्दी पडली असताना एका माणसाने वाट काढावी यासाठीचं हे हत्यार आहे. प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा हात जिवा महालांनी पट्ट्याने उडवला असं परंपरा सांगते, आणि "होता जिवा म्हणून वाचला शिवा" तर सगळ्यांच्या तोंडी आहे.

या मुलीने वाळूवर ओळीने पाच लिंबं ठेवली आहेत. बघा.

[लिंबं कापली जातात. मूळ आवाज तसाच ठेवावा.]

[वाकडी तलवार, खांडा, धोप यांची तीन स्थिरचित्रं.]

बाकीच्या थोडक्यात. वाकडी तलवार घोडेस्वाराची लाडकी. तिची मूठ हातात घेतली की लहान वाटते आणि लोक म्हणतात, पूर्वीची माणसं लहानखुरी असावीत. तसं नाही. मागची चकती मनगटाला टेकून हात बांधून ठेवते, म्हणजे तोडण्याऐवजी ओढून कापण्याचा घाव बसतो. खांडा सरळ आणि टोकाकडे रुंद. खंडेनवमीच्या नावात तो आजही आहे. धोप म्हणजे दख्खनची सरळ, लांब तलवार. फिरंगेचं पातं आलं तेव्हा इथल्या हाताला सरळ तलवार नवखी नव्हती, हे धोपेकडे पाहिलं की कळतं.

[वसईचा किल्ला. समुद्राकडचा दरवाजा.]

ज्यांच्या जहाजांतून ही पाती आली त्यांच्याचकडून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली. दोन्हीकडची फार माणसं पडली.

[पुन्हा घर. देवघर. गंजाचे तांबूस ठिपके, जवळून.]

आता या ठिपक्यांकडे या. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि वारा मिठाचा. लोखंडाला याहून वाईट जागा नाही. तरी ही तलवार टिकली, त्यात आजोबांच्या हात धुण्याच्या नियमाचा वाटा मोठा आहे. घामातलं मीठ पात्यावर बोटांचे ठसे सोडतं, आणि काही दिवसांत त्याच ठशांवर गंज धरतो.

माझ्या आजोळी असा नियम नव्हता. तिथली वाकडी तलवार जौहरदार होती, दख्खनी पोलादाची, पात्यात वाहत्या पाण्यासारख्या लहरी. मी दहावीत असताना घरच्यांनी प्रेमाने, दसऱ्याला चकचकीत दिसावी म्हणून, ती एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर धरायला दिली. परत आली ती आरशासारखी. लहरी गेल्या होत्या.

[फोटो: आजोळची तलवार. पाच सेकंद शांतता.]

म्हणून हे ऐकून ठेवा. चिंच, लिंबू, राख, पॉलिश पेपर, यातलं काहीही पात्याला लावू नका. आंबटाने गंज जातो तसं कोफ्तगरीचं सोनंही सुटतं. खोबरेल तेल घराघरात लावतात, पण ते काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल सुती कापडावर दोन थेंब घ्या, पातळ हात फिरवा, जास्तीचं पुसून काढा. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. तलवार चामड्याच्या म्यानात कोंडून ठेवू नका, चामडं ओल धरतं. म्यान वेगळं, पातं वेगळं, कोरड्या सुती कापडात.

कुणी तलवार विकत मागायला आलं तर शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, एवढं ध्यानात ठेवा. पुष्कळ घरांतल्या गेल्या आहेत.

[आजोबांची नात. सुती हातमोजे. तेलाची बाटली.]

नातीने टोकाकडून सुरुवात केली. आजोबांनी तिला थांबवलं आणि दाखवलं, मुठीकडून टोकाकडे, धारेच्या उलट कधीच नाही. तिने पन्हळीत कापडाची घडी बसवून एकेक पन्हळ पुसली. कापडावर तांबूस रेघ उमटली. दुसरं कापड घेतलं. तिसऱ्या कापडावर रेघ आली नाही. दातेरी चंद्रकोरी आता भिंगाशिवाय दिसत होत्या.

[खंडेनवमीची सकाळ. पाट, विडा, नारळ, झेंडूची फुलं. शेजारी कोयता, विळी, होडीचं वल्हं.]

पाटावर फिरंग ठेवली आहे. तिच्या शेजारी घरातलं प्रत्येक हत्यार. दरवर्षी कुंकवाचं बोट पहिलं पात्यावर टेकतं, त्याचाच डाग मुळाजवळ खोल गेला आहे. आजोबांनी बोट कुंकवात बुडवलं, पात्याजवळ नेलं, नातीकडे पाहिलं.

"मगे खंय लावचा?"

तिने नारळ पुढे सरकवला.

[कुंकू लावलेला नारळ. मागे, फोकसबाहेर, पातं.]