पिवळं टाकून द्यायचं

(जांभळी नाका, ठाणे. पहाट. रस्त्यावरचे दिवे अजून चालू.)

कोथिंबिरीच्या, मेथीच्या गाड्या रिकाम्या होतायत. हमाल ओरडतायत. या सगळ्या गडबडीच्या कडेला एक टोपली आहे, वर ओलं फडकं. पहिल्या लोकलने आलेली.

फडकं सरतं. आत जुड्या. बोटाएवढ्या जाड, टोकदार, तपकिरी-जांभळट.

शेवळं.

विकतात भाजी म्हणून, पण हा फुलोरा आहे, न उमललेला. सुरणाच्या कुळातला. वळवाचे दोन शिंतोडे पडले की कंदातून आधी हा वर येतो, पान मागाहून. जूनचे पहिले दोन-तीन आठवडे काय ते. पुढे वर्षभर वाट बघायची.

(येऊर, ठाण्यालगतचा डोंगर. उमललेलं शेवळ, अगदी जवळून.)

इथे जरा थांबू. या एका दृश्यासाठी आम्ही तीन सकाळी येऊर चढलो.

बाहेरचं आवरण हे पानाचंच रूप. आतल्या दांड्यावर खाली मादीफुलं, त्यांच्यावर नरफुलं, आणि वर निघालेला हा लांब शेंडा. वास कुजक्या मांसाचा. तो पडद्यावरून तुमच्यापर्यंत पोचत नाही, हे एक बरंय. किडे मात्र त्याच वासावर येतात आणि जाताना अंगावर पराग घेऊन जातात.

(कुड्याचं झाड. पांढरे घोस.)

त्याच वाटेवर पांढरा कुडा. फुलं खुडायची, कांदा-मिरचीवर परतायची. किंचित कडसर लागतात. पोटाला चांगली, असं पाड्यावरची प्रत्येक बाई सांगते. कुड्याची साल तर आयुर्वेदात अतिसारावरचं मुख्य औषध.

(मोह. मार्चअखेर, मुरबाडची बाजू. फटफटतंय.)

टप. टप. हा आवाज मोहाच्या फुलांचा. झाडाखालचा पाला आधीच झाडून ठेवलेला असतो. पहाटे पडलेली फुलं उन्हं तापायच्या आत वेचायची, मग अंगणात वाळवायची. वाळली की मनुकांसारखी दिसतात, गोडही तशीच. भाजून खातात, पिठात घालतात. शहराला मोह म्हटलं की दारूच आठवते, त्याला कोण काय करणार.

(धायटी. लाल फुलांनी भरलेली फांदी.)

आणि ही धायटी. आसवं-अरिष्टं, म्हणजे आयुर्वेदातली पातळ औषधं, आंबवायला हिचीच फुलं घालतात. पोट बिघडल्यावर आपण कुटजारिष्टाची बाटली आणतो ना? त्यात कुड्याची साल, मोहाची फुलं आणि धायटीची फुलं, तिन्ही असतात. एका बाटलीत एवढं रान.

(परत बाजार. टोपलीवाल्या मावशींचे हात.)

शेवळ्यांशेजारी ही हिरवी, गोल फळं: काकडं. आंबट, शेवळ्यांची खाज मारणारी. यांच्याशिवाय शेवळं घेणारा एक तर नवखा, नाही तर धाडसी. मावशी एक जुडी सोलून दाखवतात.

"पिवळं टाकून दे, नाय तं घसा धरंल."

(नौपाडा. स्वयंपाकघर.)

आता त्याच जुड्या एका सीकेपी आजींच्या ओट्यावर. हाताला तेल लावलंय, खाज येऊ नये म्हणून. एकेक आवरण सोलायचं. आतला दांडा मोकळा होतो. तळाचा हा पिवळा, दाणेदार भाग कापून बाजूला. तीच फुलं. कॅल्शियम ऑक्सॅलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला टोचतात. उरलेलं बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं. काकडं ठेचून पाण्यात कोळायची आणि ते आंबट पाणी वर ओतायचं. मग शिजू द्यायचं. घाई नाही. आजी मध्येच झाकण उघडतात, वाफ नाकाशी घेतात, पुन्हा झाकतात.

आज सोडे घातलेत, म्हणजे सुकवलेली कोळंबी. सोमवार असता तर वालाचं बिरडं. शेवटी ओल्या खोबऱ्याचं वाटप.

या आजींना कुणी शिकवलं? "आईने. म्हणायची, पिवळं टाकायचं गं."

मावशी आणि आजी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत.

(डोंगरउतार. मग रस्ता.)

येऊर ज्यात येतं त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत खुडायला कायद्याने मनाई आहे, हद्दीबाहेरची रानं प्लॉटांत चाललीत. मावशी म्हणतात, पूर्वी दोन टोपल्या भरायच्या.

(जांभळी नाका. साडेनऊ.)

ऊन वर आलंय. मावशींना जागा सोडायचीय. बसायला चार फूट हक्काची जागा असती, तर दुपारपर्यंत सगळं विकलं गेलं असतं.

दोन जुड्या उरल्यात. एक मुलगी थांबते, फोन काढून टोपलीचा फोटो घेते. "मावशी, हे काय असतं?"

मावशी बांधलेलं फडकं पुन्हा सोडतात. जुडीतून एक शेवळ ओढतात, नखाने आवरण सोलतात आणि बोट ठेवून पिवळा भाग दाखवतात.