गमबूट घातलेली अक्षरं

मगाशी कुणीतरी विचारलं की स्लॅब सेरिफ म्हणजे नुसता जाड फाँटच ना? नाही हो, जाड तर कुठलाही करता येतो. टाइम्स न्यू रोमन फाँटमधला कॅपिटल आय बघा, उभी काठी जाड आणि टोकांना बारीकशी आडवी रेघ, स्लिपर घातल्यासारखी, तीच सेरिफ. स्लॅबमध्ये तीच रेघ काठीच्या तोडीची जाड होते, म्हणजे थेट गमबूट, आणि मग ते अक्षर जागचं हलत नाही.

हे सुरू झालं लंडनमध्ये, 1815-17च्या सुमारास, व्हिन्सेंट फिगिन्सने असे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, काढले आणि तेही फक्त कॅपिटल्स. तोवरचे बहुतेक खिळे पुस्तकाचे, म्हणजे वाचणारा निवांत बसलेला. आता भिंतीवरची जाहिरात चालत्या माणसाला वाचायला लावायची होती. पुढे याला 'इजिप्शियन' नाव पडलं, नेपोलियनच्या 1798च्या स्वारीनंतर तिकडे इजिप्तचं खूळच होतं, बाकी पिरॅमिडशी काडीचा संबंध नाही. मग 1845 मध्ये रॉबर्ट बेस्लीचा क्लॅरेंडन आला, त्यात काठी आणि बूट यांच्या सांध्याला गोलाई दिली, जरा माणसाळलेला. त्याने डिझाइन रजिस्टर केलं होतं पण संरक्षण तीनच वर्षांचं, ते संपलं आणि सगळ्यांनी कॉप्या मारल्या. तेव्हाही!

आता हा छोटा ई बघा, एकदम जाड स्लॅबमधला. मधली आडवी दांडी जाड केली की वरचं भोक मिटायला लागतं, म्हणून नीट बघितलं तर ती दांडी काठीपेक्षा थोडी बारीक ठेवलेली असते, आपल्या डोळ्याला मात्र सारखीच वाटते. खरं काम या पांढऱ्या जागेतच आहे. मी नवा होतो तेव्हा एका दुकानाच्या बोर्डवर सगळा मजकूर, अगदी पत्ता आणि फोन नंबरसुद्धा, याच फाँटात ठोकून दिला, स्क्रीनवर काय दिसत होतं म्हणून सांगू, आणि रस्त्यापलीकडून बघतो तर पत्त्याच्या जागी नुसता काळा पट्टा. बोर्ड पदरच्या पैशांनी बदलून दिला. तेव्हापासून माझा हिशोब ठरलेला, स्लॅबमध्ये तीन-चार शब्द, फार तर एक ओळ, खालचा मजकूर साध्या फाँटात.

मराठीत स्लॅब का नाही, हा प्रश्न दरवेळी येतो. अहो, इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं म्हणून त्याला बूट चालतात, आपलं अक्षर शिरोरेषेला लटकलेलं. क च्या दांडीला खाली ठोकळा लावलात तर तो पुढच्या अक्षराला धडकतो, आणि उकार, रकार कुठे बसवणार? जाडी आणायची तर ती शिरोरेषेत आणि वळणात आणा. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा 'मोदक' फाँट घरी जाऊन मोठा करून बघा, अक्षरं इतकी फुगवलीत की आतली पांढरी जागा म्हणजे नुसती चीर उरलीय, पण बूट कुठेच नाहीत.